परतवाट आणि संकेताची पारख

भाषेच्या अध्यापकाने अभियांत्रिकीतील विषय हाती घ्यावा, याचे या पुस्तिकेच्या वाचकांना नवल वाटेल. परंतु बोललेले आणि ऐकलेले यांत पडणारे अंतर हा आम्हा भाषाभ्यासकांचाही जुनाच प्रश्न आहे.

संदेशवहनाच्या मार्गात गोंगाट असतोच. पोहोचलेल्या विकृत संकेतावरून मूळ संकेत कोणता हे ठरविणे, यास मी ‘संकेताची पारख’ म्हणतो. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिले की, प्रत्येक मार्गाला एक ठराविक क्षमता असते. त्या मर्यादेत राहून पुरेशी लांब सांकेतिक रचना योजल्यास चुकीची शक्यता हवी तितकी कमी करता येते. मात्र अशा लांब रचना उलगडणे फार कष्टाचे असते.

आता असे समजू की, आपण काय ऐकले हे ऐकणारा बोलणाऱ्यास परत कळवू शकतो. शिक्षणशास्त्रात आपण याला प्रत्याभरण म्हणतो. १९५६ साली शॅनन यांनीच सिद्ध केले की, ज्या मार्गावरील गोंगाटाचा मागच्या क्षणाशी संबंध नसतो, त्याची क्षमता प्रत्याभरणाने तसूभरही वाढत नाही. मग लाभ कोणता? त्याचे उत्तर १९६६ साली स्खाल्कवाइक आणि थॉमस कैलाथ यांनी दिले. यांपैकी कैलाथ हे १९३५ साली पुण्यात जन्मले आणि तेथेच अभियंता झाले.

त्यांची रीत उदाहरणाने सांगतो. पाठविणाऱ्याने ५० हा आकडा पाठविला. गोंगाटामुळे ४७ ऐकू आला. परतवाटेने हे कळताच तो ५० पुन्हा पाठवीत नाही. राहिलेली ३ ची उणीव दहापट करून ३० पाठवितो. समजा, २८ पोहोचले. ऐकणारा त्यास दहाने भागून २.८ मिळवितो, हाती ४९.८ येतात. उरलेली ०.२ ची चूक पुढील फेरीत आणखी मोठी करून पाठवायची. गोंगाट तेवढाच राहतो, पण त्याचा परिणाम दर फेरीस आकसतो. शेवटी ठरलेल्या आकड्यांपैकी सर्वांत जवळचा निवडला की पारख झाली. लांब रचनेत चुकीची शक्यता घातांकी वेगाने घटते. येथे ती घातांकाच्याही घातांकाने घटते, आणि तीही साध्या गणिताने.

मात्र या रीतीची एक अट आहे: परतवाट निर्मळ हवी. तिच्यात थोडा गोंगाट शिरला, तरी पाठविणारा भलतीच चूक दुरुस्त करू लागतो आणि सारी रीत डळमळते.

वर्गातही हेच घडते. विद्यार्थी भिडेने किंवा भीतीने ‘समजले’ म्हणतो, तेव्हा गोंगाट परतवाटेत शिरलेला असतो. शिक्षकाने आवाज कितीही चढविला तरी तो निघत नाही. या शाळेत शिकलेल्या व शिकविणाऱ्या सर्वांनी ‘नाही समजले’ हे उत्तर निर्भयपणे देता-घेता येईल, एवढी ती वाट मोकळी ठेवावी.