जांभ्याच्या भिंतीचे गणित

घराच्या उष्णतेचे साधे गणित दोनच आकड्यांवर उभे राहते: भिंती-छप्पर उष्णतेला किती अडवतात आणि किती साठवतात. त्यांचा गुणाकार म्हणजे घराचा कालस्थिरांक. बाहेरचे तापमान एकदम बदलले, तर तेवढ्या वेळात आतबाहेरचा सुमारे ६३ टक्के फरक भरून निघतो. रत्नागिरीतली जाड जांभ्याची भिंत दुपारची झळ आत यायला उशीर लावते, ती याच गुणाकारामुळे. उघडा काँक्रीटचा स्लॅबही उष्णता साठवतो, पण दिवसभर तापून ती धग रात्री खाली झोपलेल्यांवर सोडतो. पातळ कौले मात्र ऊन उतरताच निवतात.

दमट हवेतली घालमेल यात कुठे आली, हा आक्षेप रास्त आहे. किनाऱ्यावर रात्रही फारशी गार होत नाही, म्हणून नुसती जाड भिंत पुरत नाही. पण याच गणितात वाऱ्याने वाहून नेलेली उष्णता मिळवली, की समोरासमोरच्या खिडक्यांचे मोल आकड्यांत दिसते. एवढा हिशेब घराचा नकाशा काढतानाच एका पानावर मांडता येतो.