कॅनडात जाणारे आणि कॅनडा वाचणारे

अंधेरी किंवा बोरिवली स्थानकाबाहेर पडले की परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन करणाऱ्या संस्थांच्या पाट्या दिसू लागतात आणि त्यांतील पुष्कळांवर लाल मेपलचे पान रंगविलेले असते. उपनगरांतील मध्यमवर्गाचे कॅनडाविषयीचे ज्ञान गेल्या काही वर्षांत बरेच वाढले आहे, हे मान्य करावयास हवे. मात्र ते ज्ञान कोणत्या प्रकारचे आहे हे पाहण्यासारखे आहे. विद्यार्थ्याने निर्वाहखर्चापोटी दाखवावयाची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर गेली, ही गोष्ट मुलुंडच्या एखाद्या निवृत्त कारकुनास तोंडपाठ असते. त्याच महिन्यात तेथील सरकारने विद्यार्थी-परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, तेव्हा ती बातमी येथे घरच्या बातमीसारखी वाचली गेली. परंतु ज्या देशात मुलगी चार वर्षे आणि बहुधा जन्मभर राहणार, त्या देशातील एका तरी लेखकाचे नाव त्या घरात विचारून पाहावे. उत्तर मिळणे कठीण.

याचा दोष त्या घरावर ठेवणे अन्यायाचे होईल. कॅनडाशी आपला परिचय साहित्यामार्फत झालाच नाही; तो झाला गव्हामार्फत आणि अणुभट्टीमार्फत. कोलंबो योजनेखाली कॅनडाचा गहू भारतात आला. चेंबूरच्या पलीकडे तुर्भे येथे १९६० साली ‘सायरस’ ही अणुभट्टी कॅनडाच्या साहाय्याने सुरू झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने अणुसहकार्य तोडले, तरी भट्टी चालूच राहिली आणि २०१० च्या अखेरीस ती कायमची बंद करण्यात आली. योगायोग असा की, त्याच वर्षी त्याच शहरात, तुर्भ्याहून फार दूर नसलेल्या कालिना येथील विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातूनही कॅनडाची एक वस्तू बाहेर काढण्यात आली. ती होती एक कादंबरी.

रोहिंटन मिस्त्री यांचा जन्म १९५२ चा, मुंबईचा. मुंबई विद्यापीठातून गणित व अर्थशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले, १९७५ मध्ये कॅनडास गेले आणि टोरँटोच्या एका बँकेत नोकरीस लागले. आजचा बोरिवलीचा तरुण ज्या वाटेने जातो तीच ही वाट. फरक इतकाच की, बँकेतील नोकरी सांभाळून मिस्त्री यांनी टोरँटो विद्यापीठात साहित्य व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला आणि ते लिहू लागले. १९८७ मध्ये फिरोजशा बागेतील पारशी कुटुंबांच्या कथांचा संग्रह आला. १९९१ मध्ये ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी आली आणि तिला कॅनडाच्या गव्हर्नर जनरलचे पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या ‘अ फाइन बॅलन्स’ (१९९५) आणि ‘फॅमिली मॅटर्स’ (२००२) याही कादंबऱ्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीपर्यंत पोहोचल्या. या सर्व लेखनाचा विषय मुंबई व येथील माणसे. कॅनडातील समीक्षक ते निःसंकोचपणे कॅनडाचे साहित्य मानतात, आणि आपण ते कोणाचे मानावे हे आपण अद्याप ठरविलेले नाही.

‘सच अ लाँग जर्नी’चा नायक गुस्ताद नोबल हा बँकेतला कर्मचारी. काळ १९७१ चा, बांगलादेशाच्या युद्धाचा. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेतून केवळ एका दूरध्वनीवर साठ लाख रुपये काढले गेले, ते नगरवाला प्रकरण जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. त्याची छाया या कथानकावर आहे. ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या कला शाखेच्या इंग्रजी अभ्यासक्रमात होती. सप्टेंबर २०१० मध्ये भारतीय विद्यार्थी सेनेने तिच्याविरुद्ध आंदोलन केले. शिवसेना, मराठी माणूस आणि मुंबईचे डबेवाले यांच्याविषयी तीत अवमानकारक मजकूर आहे, असा आक्षेप होता. प्रती जाळल्या गेल्या. कुलगुरूंनी आपल्या विशेष अधिकारात पुस्तक अभ्यासक्रमातून काढून टाकले. त्यावर देशात व परदेशांत टीका झाली, स्वतः मिस्त्री यांनी निवेदन काढले, पण निर्णय फिरला नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचा आक्षेप घेण्याचा अधिकार नाकारता येणार नाही. कादंबरीतील पात्रे जे बोलतात ते लेखकाचे मत नव्हे, हे उत्तर शास्त्रशुद्ध असले तरी दुखावलेल्या वाचकाचे त्याने समाधान होत नाही, हेही खरे. किंबहुना प्रस्तुत लेखकाचे स्वतःचे मत असे की, मिस्त्री यांच्या मुंबईत मराठी माणूस फार तोकडा दिसतो. ज्या बारकाईने ते पारशी घरातली कपबशी पाहतात, त्या बारकाईने ते परळची चाळ पाहत नाहीत. पण हे मत बनण्यास पुस्तक वाचावे लागले. हीच तक्रार वर्गात मांडली गेली असती, वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांनी तिच्यावर हुज्जत घातली असती, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती लिहिली गेली असती, तर तिचे रूपांतर समीक्षेत झाले असते. पाठ्यपुस्तक निवडण्यासाठी व बदलण्यासाठी अभ्यास मंडळ असते. त्या मंडळाच्या बैठकीची वाट न पाहता एखादे पुस्तक काही दिवसांत जाऊ शकते असे एकदा दिसले की, पुढच्या प्रत्येक अभ्यास मंडळातील प्राध्यापक पुस्तक सुचविण्यापूर्वी मनातल्या मनात एक गणित मांडतो. त्या गणितात कोणती पुस्तके कधी सुचविलीच गेली नाहीत, याची नोंद कोठेही होत नाही.

तथापि कॅनडाच्या साहित्याचा अभ्यास आपल्याकडे मंदावला तो केवळ या प्रकारामुळे, असे मानणे बरोबर नाही. लालबहादूर शास्त्री यांच्या नावाने १९६८ मध्ये शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिच्या व कॅनडा सरकारच्या साहाय्याने पुस्तके आली, प्राध्यापकांचे जाणे-येणे झाले, परिसंवाद भरले. त्यातून चांगले कामही झाले. मुंबई विद्यापीठाच्या डॉ. कूमी वेवैना यांचे मार्गारेट अ‍ॅटवूड व मार्गारेट लॉरेन्स यांच्यावरील लेखन कॅनडातही वाचले गेले. पण २०१२ मध्ये कॅनडा सरकारने परदेशांतील कॅनडा-अभ्यासास मदत देणारी आपली योजनाच बंद केली आणि जगभर ही केंद्रे रोडावली. बाहेरून येणाऱ्या अनुदानाने जी मागणी निर्माण होते ती अनुदान थांबताच ओसरते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आपल्या विद्यापीठांनी या विषयासाठी स्वतःचा पैसा कधी घातलाच नव्हता.

आणि येथेच कॅनडाची कहाणी आपणास उपयोगी पडणारी आहे, कारण त्या देशाचे साहित्यच मुळी पैशाच्या प्रश्नाशी झगडत उभे राहिले. लोकसंख्या आज चार कोटींच्या आसपास, म्हणजे आपल्या राज्याच्या निम्म्याहूनही कमी. शेजारी अमेरिका, तीच भाषा बोलणारी आणि तीच पुस्तके स्वस्तात छापणारी. १९४९ मध्ये नेमलेल्या मॅसी आयोगाने १९५१ च्या अहवालात हा धोका स्पष्ट मांडला. सरकारने पैशाअभावी चालढकल केली. पुढे दोन धनाढ्य उद्योगपती वारले, त्यांच्या मालमत्तेवरील वारसाकर अनपेक्षितपणे तिजोरीत जमा झाला आणि त्यातून १९५७ मध्ये कॅनडा कौन्सिल उभे राहिले. दोन मृत्यूंवरील करातून एका देशाच्या साहित्याची पायाभरणी व्हावी, ही कल्पना कादंबरीकारास सुचली असती तर समीक्षकांनी तिला कृत्रिम म्हटले असते. १९७० मध्ये रायर्सन प्रेस ही जुनी प्रकाशनसंस्था अमेरिकन कंपनीस विकली गेली तेव्हा देशभर आरडाओरडा झाला. पुढच्याच वर्षी मॅक्लेलँड अँड स्टुअर्ट ही दुसरी संस्था त्याच वाटेवर असताना ऑन्टारियो सरकारने कर्ज देऊन तिला वाचविले. अ‍ॅटवूड यांचे ‘सर्व्हायव्हल’ हे पुस्तक १९७२ चे. कॅनडाच्या साहित्याचे मध्यवर्ती सूत्र तगून राहणे हे आहे, असे त्यांनी त्यात मांडले. त्या सिद्धांताविषयी मतभेद पुष्कळ आहेत, पण तो कोणत्या हवेत जन्मला हे या सनावळीवरून कळते.

पुढे १९८६ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली. सार्वजनिक ग्रंथालयांत ज्यांची पुस्तके आहेत अशा लेखकांना दरवर्षी सरकारी निधीतून काही रक्कम मिळू लागली. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगाव ग्रंथालये आहेत, मुलुंडचे महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखा यांनी उपनगरांतील किती पिढ्यांना वाचते केले. पण तीच प्रत शंभर हातांतून गेली तरी लेखकाच्या पदरी एका प्रतीचेच मानधन पडते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी भाषकांची संख्या आठ कोटींवर आहे. मराठीस ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाल्यावर सत्कार झाले, मिरवणुका निघाल्या; ग्रंथालयांच्या कपाटांतून लेखकापर्यंत चार पैसे कसे जावेत, हा प्रश्न त्या उत्साहात फारसा ऐकू आला नाही.

अर्थशास्त्राच्या माणसास या साहित्याचा ओढा वाटण्याचे आणखी एक कारण आहे. कॅनडाचा सर्वांत लोकप्रिय विनोदी लेखक स्टीफन लीकॉक हा पेशाने मॅक्‌गिल विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. छप्पन डॉलर घेऊन प्रथमच बँकेत खाते उघडावयास गेलेल्या आणि घाबरून तेथल्या तेथे सर्व रक्कम काढून घेणाऱ्या माणसाची त्याची कथा १९१० च्या संग्रहातली. हा इसम चिं. वि. जोशींच्या चिमणरावाचा चुलतभाऊ शोभावा. पैशाचे व्यवहार समजणे निराळे आणि बँकेच्या काउंटरपुढे उभे राहणे निराळे, हे त्या दहा मिनिटांच्या कथेतून जितके समजते तितके आमच्या क्रमिक पुस्तकांतून समजत नाही.

ह्यू मॅक्लेनन यांनी १९४५ मध्ये इंग्रजी व फ्रेंच भाषकांविषयीच्या आपल्या कादंबरीस ‘टू सॉलिट्यूड्स’, म्हणजे ‘दोन एकांत’, असे नाव दिले आणि ते नाव पुढे त्या देशाच्या राजकारणाचा वाक्प्रचार बनले. घाटकोपरला किंवा मुलुंडला राहणाऱ्यास याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. एकाच जिन्यावर मराठी व गुजराती कुटुंबे दोन-तीन पिढ्या शेजारी राहतात, दिवाळीचा फराळ एकमेकांकडे पोहोचवितात, मात्र शेजाऱ्याच्या भाषेतील एकही पुस्तक सहसा कोणी वाचलेले नसते. कधी पाटीवरून, कधी घर कोणास विकावे यावरून वाद पेटला की वर्तमानपत्रे त्या भिंतीचे चित्र छापतात. कॅनडातली भिंत पडली आहे असे नव्हे. परंतु तेथे १९६९ मध्ये दोन्ही भाषांना कायद्याने समान स्थान मिळाले आणि १९७२ पासून कॅनडा कौन्सिल एका भाषेतील पुस्तके दुसरीत आणण्यासाठी अनुदान देऊ लागले. मराठी-गुजराती अनुवादाची व्यवस्था आपण बहुतांशी दिल्लीच्या साहित्य अकादमीवर आणि काही हौशी अनुवादकांवर सोपविली आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता वाणिज्य व विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसही स्वतःच्या शाखेबाहेरचा मुक्त ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. उपनगरांतील महाविद्यालयांत या जागी काय शिकवावे, याची प्राध्यापकांमध्ये चाचपणी चालू असते. दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा कॅनडा-साहित्याचा अभ्यासक्रम येथे सहज बसेल. त्यास परदेशी अनुदान लागणार नाही आणि विद्यार्थीही मिळतील, कारण वर्गातील काही जणांच्या खिशात परवान्याचा अर्ज असेलच. आरंभ लीकॉकच्या छप्पन डॉलरांपासून करावा. अ‍ॅलिस मन्रो यांच्या, २०१३ च्या नोबेलच्या मानकरी, दोन कथा घ्याव्यात. फिरोजशा बागेतील शेवटची कथा अवश्य घ्यावी. तीत टोरँटोला गेलेला मुलगा कथा लिहितो आणि मुंबईत त्याचे आईवडील त्या कथांत तो सुखी आहे की नाही हे शोधत बसतात. आणि ‘सच अ लाँग जर्नी’ यादीत असावी, अभ्यास मंडळाच्या रीतसर ठरावाने.