शिकलगारांच्या घरचा तंबोरा

हुडकेश्वर भागात गाण्याच्या क्लासला जाणारी मुले ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’ हे शब्द सहज बोलतात. या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळामुळे मिरज हे नावही घरोघरी पोचलेले असते. क्लासमध्ये खरा तंबोरा असला, तर तोही बहुधा मिरजेचाच. नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघाले की दुसऱ्या दिवशी मिरज येते. मात्र हा तंबोरा तिथेच का तयार होतो आणि पहिल्यांदा कोणी केला, हे विचारले तर फार थोड्यांना सांगता येते.

उत्तर एका माणसाच्या नावाशी येऊन थांबते. फरीदसाहेब शिकलगार.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा, तलवारी उजळणारा. शब्द मूळचा अरबी ‘सैकल’ म्हणजे चकाकी, त्यावरून ‘सैकलगर’ आणि मराठीत येता येता शिकलगार. सूफी लोकांनी हाच शब्द मनासाठी वापरला. मनावर गंज चढतो, त्याला सैकल करावी लागते, असे ते म्हणत. रमजानच्या महिन्यात हा शब्द आठवावा असाच आहे, पण फरीदसाहेबांचा सैकल पोलादाचा होता. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. १८१८ मध्ये पेशवाई गेली, इंग्रजांचा अंमल आला, लढाया थांबल्या आणि तलवारीची मागणी आटत गेली. हातात पिढीजात कसब आहे पण गिऱ्हाईक नाही, अशी वेळ आली. नागपूरच्या मोमीनपुऱ्यातल्या जुन्या विणकर घरांना ही वेळ कशी असते ते वेगळे सांगायला नको.

पटवर्धन दरबाराला गाण्याची आवड होती. उत्तरेकडून गवई येत, वाद्येही तिकडूनच येत. ती बिघडली की मोठी अडचण, कारण दुरुस्त करणारे हात पुन्हा उत्तरेतच. हे काम फरीदसाहेबांकडे आले. धातू आणि लाकडावर हात बसलेला होता, नजर बारीक होती. वाद्य उघडून ते कसे बोलते हे त्यांनी समजून घेतले, दुरुस्त केले आणि पुढे स्वतःच बनवायला घेतले. हा काळ साधारण १८५० चा. भाऊ सोबत होते, मग मुले, मग नातवंडे. दीडशेहून अधिक वर्षे झाली, काम त्याच घराण्यात आणि त्यांच्या शागिर्दांत चालू आहे. शिकलगार हे आडनाव मागे पडून कित्येकांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. माणसाने आपल्या घरासाठी काय ठेवले याचा हिशेब जमीन-जुमल्यात मांडायची सवय असते. फरीदसाहेबांनी मुलाबाळांसाठी एक चालता धंदा आणि एक नवे नाव ठेवले.

कुरआनात हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांचा उल्लेख दोन गोष्टींसाठी येतो. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि कड्या नीट मोजून चिलखत घडवायला शिकवले, ही एक. दुसरी, ते अल्लाहची स्तुती गाऊ लागले की डोंगर आणि पाखरे त्यांना साथ देत. हदीसमध्ये तर स्वतःच्या हातच्या कमाईपेक्षा चांगला घास नाही असे सांगताना उदाहरण दाऊद पैगंबरांचेच दिले आहे, राजे असूनही ते हाताने कमवून खात. एकाच माणसाच्या ठायी शस्त्राचे लोखंड आणि गोड गळा. मिरजेच्या शिकलगाराची आठवण निघावी ती इथे. संगीत जायज की नाजायज यावर मुसलमानांत जुना वाद आहे. तो आलिमांनी करावा. मिरजेच्या कारागिराने मात्र कामाकडे रोजी म्हणून पाहिले, आणि रोजी हलाल ठेवायची तर काम चोख हवे.

काम चोख म्हणजे काय, ते भोपळ्यापासून पाहावे लागते. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठावरून येतो. जात आपल्या दुधीचीच. हजरत पैगंबरांना दुधी आवडीचा होता असे हदीसमध्ये आहे, पण हा भोपळा कडू, ताटात येण्याचा नाही. कडू म्हणूनच कीड लागत नाही असे कारागीर सांगतात. वाळलेला भोपळा कापतात, पाण्यात भिजवून मऊ करतात, आतून काड्यांचा आधार देऊन हवा तसा आकार देतात आणि पुन्हा वाळवतात. मग तून नावाच्या झाडाच्या लाकडाची तबली आणि दांडी बसते. नक्षी, लाखेचे पॉलिश, खुंट्या. इतके झाले तरी तंबोरा मुकाच असतो.

तो बोलतो जवारीने. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसेने अगदी हलका घासतात, इतका की तार तिथे टेकते न टेकते अशी राहावी. मग तारेखाली साध्या सुताचा धागा सरकवतात. धागा योग्य जागी आला की एका तारेतून अनेक स्वर उमलतात, केसभर सरकला की सूर मिटतो. याला मोजपट्टी नाही, कान हवा. तो तयार व्हायला वर्षे जातात, म्हणून जवारी बहुतेकदा बापाकडून किंवा चुलत्याकडून, शेजारी बसूनच शिकली जाते. हत्यारांना धार लावणाऱ्याच्या हातात कानस काही नवी नव्हती.

मिरजेत पुढे मोठी माणसे आली. विष्णू दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे इथेच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथे स्थायिक झाले. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात त्यांचे निधन झाले आणि त्यांना आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी गाणे होते, ऐकायला सगळ्या धर्मांचे लोक बसतात. मैफलीत टाळी गवयाला मिळते. मागे बसलेला तंबोरा कोणी केला, हे निवेदकही सहसा सांगत नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले, नक्कल करणाऱ्याला निदान मिरजेचे नाव लावता येणार नाही. पण मानांकनाने मुलगा कानस हातात घेत नाही. एका तंबोऱ्यामागे कित्येक दिवसांची मेहनत, आणि खिशातल्या मोबाइलवर तंबोऱ्याचा सूर फुकट. हुडकेश्वरच्या क्लासमध्येही रोजच्या रियाजाला तोच लागतो, यात मुलांचा दोष नाही. सतारमेकरांच्या घरातली शिकलेली मुले नोकरी पाहतात, यात त्यांचाही नाही. फरीदसाहेबांनीही घर चालावे म्हणूनच वाडवडिलांची तलवार बाजूला ठेवली होती.

भीमेकाठचे भोपळे मात्र अजून मिरजेत येतात. ढिगातला कुठला तंबोऱ्याचा आणि कुठला सतारीचा, हे ठरवायला घरातले कोणी जाणते माणूस ते एकेक उचलून बोटाने वाजवून पाहते.