इंटरनेट नसलेली प्रयोगशाळा

चौकशीसाठी पोलीस घरातल्या मुलाचा मोबाइल घेऊन गेले, की आईवडिलांची झोप उडते. फोनमध्ये कोणी काही घातले तर? काही पुसले गेले तर? मुलगा निर्दोष असेल तर ही भीती अधिकच मोठी.

आपल्या बोनकोड्याहून जवळच असलेल्या महापे येथे महाराष्ट्र सायबरचे मुख्यालय आहे. तेथील सायबर सुरक्षा प्रकल्पाचे उद्घाटन २०२४ मध्ये झाले. त्यामुळे डिजिटल फॉरेन्सिक हा शब्द आता आपल्याला परका राहिलेला नाही. पण अशा प्रयोगशाळेचा पहिला नियम ऐकून अनेकांना नवल वाटेल: पुरावा तपासणारे संगणक इंटरनेटला जोडायचे नाहीत.

याची कारणे साधी आहेत. जप्त फोनला नेटवर्क मिळाले, तर दूर बसलेला माणूस त्यातला मजकूर पुसू शकतो. म्हणून फोन लहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवतात. जप्त संगणकात व्हायरस असेल, तर तो सर्व यंत्रांत पसरू शकतो. जून २०१९ मध्ये ब्रिटनमधील युरोफिन्स या फॉरेन्सिक कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पोलिसांना तिच्याकडे नमुने पाठवणे थांबवावे लागले आणि हजारो नमुने तुंबले.

म्हणून तपासणीचे संगणक, साठवणूक आणि स्विच यांचे वेगळे जाळे उभारतात. त्यात वायफाय नसते. कार्यालयाच्या ईमेलसाठी दुसरे संगणक असतात. सॉफ्टवेअरचे अपडेट आधी वेगळ्या यंत्रावर तपासून मगच आत नेतात. हे सांभाळले नाही, तर तार तोडूनही उपयोग नाही. इराणच्या नतांझ अणुकेंद्रातील यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली होती, तरी २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट व्हायरस तिथवर पोहोचला. तो पेन ड्राइव्हमधूनही पसरत असे.

मूळ डिस्कवर काम करत नाहीत. तिच्यावर काही लिहिले जाऊ नये म्हणून मध्ये राइट ब्लॉकर लावून हुबेहूब प्रत काढतात. मग दोन्हींची हॅश व्हॅल्यू काढतात. ही जणू मजकुराच्या बोटांचा ठसा. एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हा आकडा नोंदवावा लागतो.

घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे. जप्तीच्या यादीत फोनचा आयएमईआय क्रमांक आहे का, हे पाहावे. फोन सीलबंद केला का, हे विचारावे. झडती-जप्तीचे चित्रीकरण नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे, हे ठाऊक असू द्यावे. खटला उभा राहिला तर वकिलांमार्फत हॅश व्हॅल्यू पडताळून घ्यावी.

जप्त केलेला फोन ही प्रयोगशाळेकडे सोपवलेली अमानत आहे. ती जशीच्या तशी राहिली, तरच गुन्हेगार सापडतो आणि निरपराध सुटतो.