चक्क रक्तच थांबवतात!

आखाडा बाळापूरच्या आसपास हळदीच्या रानातलं ठिबक पाहिलंयस ना? आधी मोठा पाइप, त्यातून निघालेल्या बारीक नळ्या, आणि रोपापाशी टप... टप... टप!

आता गंमत ऐक. अगदी असंच ठिबक तुझ्या छातीत आहे! हृदयातून एक जाड रक्तवाहिनी निघते. तिला दोन फाटे फुटतात, एकेका फुप्फुसासाठी एकेक. मग फाट्यांना फाटे, त्यांनाही फाटे. शेवटच्या नळ्या तर केसाहून बारीक! तिथे रक्त तुझ्या श्वासातला ऑक्सिजन उचलतं आणि परत हृदयाकडे पळतं.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. ते सगळं फुप्फुसांतून फिरून यायला किती वेळ लागत असेल? तास? अर्धा तास? छे! जेमतेम एक मिनिट!

पण ठिबकची नळी चोक झाली की पुढची रोपं माना टाकतात. फुप्फुसातही असं होऊ शकतं बरं का.

कबड्डीत गुडघा फुटला की रक्त गोठतं आणि वाहायचं थांबतं. तेव्हा रक्ताची गुठळी आपल्या कामाचीच! पण एखादं माणूस आजारपणात खूप दिवस पडून राहिलं, तर कधी कधी पायाच्या शिरेत आतल्या आत गुठळी धरते. ती सुटली की निघालीच प्रवासाला! पायातून पोटात, पोटातून हृदयात, हृदयातून थेट फुप्फुसात. तिथे नळ्या बारीक होत जातात आणि ती अडकते. माणसाला एकदम धाप लागते.

बहुतेकांचं औषधांवर भागतं. औषधांमुळे नवी गुठळी धरत नाही, आणि जुनी गुठळी शरीर हळूहळू विरघळवून टाकतं. थोड्या जणांची मात्र विरघळतच नाही! पाइपात क्षार धरावा तशी ती आतल्या बाजूला घट्ट चिकटून बसते. रानातला पाइप बदलता येतो. फुप्फुसातला कसा बदलणार?

मग डॉक्टर काय करतात, सांग बरं? तो आतून सोलतात!

पण वाहत्या रक्तात सोलणार कसं? इथे एक भन्नाट यंत्र मदतीला येतं. हृदय आणि फुप्फुसं या दोघांचं काम ते एकटंच करतं! आणि ते सुचलं कशामुळे, ठाऊक आहे? फुप्फुसातल्या गुठळीमुळेच!

अमेरिकेत बोस्टनमध्ये जॉन गिबन नावाचे तरुण डॉक्टर होते. सुमारे १९३१ची गोष्ट. अशीच गुठळी अडकलेल्या एका बाईंजवळ ते रात्रभर बसून होते. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी साडेसहा मिनिटांत गुठळी काढली. तरी त्या वाचल्या नाहीत. गिबन यांच्या मनात आलं, त्या बाईंचं रक्त थोडा वेळ बाहेरच्या बाहेर फिरवता आलं असतं तर? ते आणि त्यांच्या पत्नी मेरी कामाला लागले. वीस वर्षांहून जास्त खपले! ६ मे १९५३ला फिलाडेल्फियात गिबन यांनी १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. तेव्हा २६ मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं सगळं काम यंत्रच करत होतं. मुलगी बरी झाली! मला तर मेरीबाईंचं फार कौतुक वाटतं. त्या स्वतः प्रयोगशाळेत उभ्या राहून काम करत.

पुढे आपल्या मुंबईतही, केईएम रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. असलं यंत्र नसतं, तर तेही जमलं नसतं.

पण थांब, खरी कमाल पुढेच आहे! यंत्र लावलं तरी दुसऱ्या बारीक वाटांनी थोडं रक्त फुप्फुसात येतच राहतं. डॉक्टरांना नीट दिसत नाही. मग? अंगातलं सगळं रक्तच थांबवायचं!

घाबरलास? घाबरलीस? एरवी चार-पाच मिनिटं रक्त मिळालं नाही, तरी मेंदूला इजा होते. म्हणून आधी माणसाला गार करतात. यंत्रातून जाणारं रक्त थंड करत करत अंग ३७ अंशांवरून २० अंशांच्या आसपास आणतात. डोकंही थंड ठेवतात. गार मेंदूला ऑक्सिजन फारच थोडा लागतो. आता वीस मिनिटं हातात मिळाली! अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या डॉक्टरांनी ही पद्धत पक्की बसवली.

या वीस मिनिटांत डॉक्टर त्या चिकटलेल्या थराची कड पकडतात आणि अलगद ओढत जातात. फाट्याच्या आत फाटा, त्याच्याही आत. आणि बाहेर काय येतं? हळदीचा गड्डा उपटल्यावर त्याला बोटासारखी हळकुंडं लोंबतात ना, हुबेहूब तसा आकार! नळ्यांचा अख्खा साचाच!

झालं? कुठलं! रक्त पुन्हा सुरू करून थोडा वेळ फिरू देतात, मग परत थांबवतात. दुसरं फुप्फुस बाकी आहे ना! दोन्ही मोकळी झाली की रक्त हळूहळू कोमट करत नेतात. इथे घाई चालत नाही, तासाहून जास्त वेळ जातो. अंगात ऊब भरली की हृदय पुन्हा धडधडू लागतं, आणि अडलेल्या नळ्यांतूनही रक्त सळसळत पुढे जातं!