साकव गेला, पूल आला; देखभाल कुणाची?

मावळातल्या शेतकऱ्याला साकव म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंदर मावळात जा, नाणे मावळात जा नाहीतर पवन मावळात. कुणाचे घर ओढ्याच्या एका काठाला, तर भातखाचर दुसऱ्या काठाला. ऐन आवणीत ओढा फुगला की पलीकडे जायचे कसे? जुन्या लोकांनी त्यावर काढलेली तोड म्हणजे साकव. दोन्ही काठांवर दगड रचायचे, त्यांवर लाकडाचे सोट टाकायचे, वरून बांबू बांधायचे आणि कडेला हाताने धरायला एक बांबू. झाला पूल!

हा साकव फार वर्षे टिकत नसे. लाकूड भिजून कुजायचे, बांधलेले सुटायचे, मोठ्या पुरात सगळेच वाहून जायचे. युरोपात लाकडी पुलांवर घरासारखे छप्पर घालीत, ते याच कारणाने. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न गावचा असा पूल चौदाव्या शतकातला. ऑगस्ट १९९३ मध्ये आग लागून त्याचा बराचसा भाग जळाला, तर गावाने पुढच्याच वर्षी तो पुन्हा उभा केला. आपल्या साकवाला छप्पर नव्हते, पण गावाचे हात होते. पावसाळ्याआधी माणसे जमायची, कुजका सोट काढून नवा टाकायची. साकव कुणाचा, असे कुणी विचारीत नसे.

पुढे लोखंड आणि सिमेंट आले. सरकारी कागदात ओढ्यावरच्या छोट्या पुलाला आजही साकवच म्हणतात. सोय झाली, यात वाद नाही. पण पूल सरकारी झाला आणि गावाचा हात सुटला. लोखंडाला काय होतंय, असे आपण धरून चाललो.

काय होते, ते १५ जून २०२५ ला दिसले. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी पुढे मावळातच कुंडमळ्याला खडकातून वाहते. पाण्याने कोरलेले रांजणखळगे बघायला तिथे गर्दी होते. दोन्ही काठांच्या वस्त्यांना आणि शेतकऱ्यांना ये-जा करता यावी म्हणून तिथे अरुंद लोखंडी पूल होता, सुमारे तीस वर्षांचा. त्या रविवारी दुपारी तो माणसांनी भरलेला होता, दुचाक्याही वर होत्या. पूल कोसळला. ४ जण गेले, ५० हून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. फलक आणि मंजुरी दोन्ही असून माणसे वाचली नाहीत, हे ध्यानात घ्या.

दगडाचेही तेच. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि शेतकरी बंधूंनो, १ मेच्या ग्रामसभेत पुलांचा विषय घ्याच. हद्दीतला प्रत्येक साकव आणि पूल कुणाच्या ताब्यात आहे, ग्रामपंचायतीच्या, जिल्हा परिषदेच्या की बांधकाम खात्याच्या, हे ठरावात लिहून ठेवा. चार जाणती माणसे घेऊन पुलाखाली उतरा. लोखंडाचे पापुद्रे सुटलेत का, बोल्ट गळालेत का, पाण्याने पायाखालची माती नेली आहे का, सिमेंटातली सळई उघडी पडली आहे का, ते बघा. दिसले तसे पंचायत समितीला आणि बांधकाम खात्याला लेखी कळवा. पोच घ्या. तोंडी सांगितलेले हवेत जाते.

आणि पूल धोक्याचा ठरला तर नुसती पाटी लावून मोकळे होऊ नका. दोन्ही तोंडांना माणूस जाणार नाही असा पक्का अडथळा घाला. शेताकडे जायला दुसरी वाट मात्र त्याच ठरावात मागून घ्या; नाहीतर आवणीच्या दिवशी तो अडथळा आपलीच माणसे काढतील.

आपल्या आज्याला साकवावर पाय टाकण्याआधी सोट हलवून बघायची सवय होती. पूल लोखंडाचा झाला म्हणून ती सवय सोडू नका.