जिवाणूच्या पेशीत गुणसूत्र मावते कसे?

आपल्या आतड्यात वास्तव्य करणारा ‘ई. कोलाय’ हा जिवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग लांब असतो. त्याचे वर्तुळाकार गुणसूत्र मात्र सरळ उलगडले, तर सुमारे दीड मिलिमीटर भरते. माणसाच्या पेशीत डीएनएसाठी केंद्रक नावाचा स्वतंत्र कक्ष असतो. जिवाणूला तो नाही. तरीही सुमारे ४६ लाख अक्षरजोड्यांचे हे सूत्र सहसा गुंतत नाही आणि पेशी दुभंगताना दोन्ही कन्यापेशींना त्याची प्रत मिळते.

हे साधते ते प्रथमतः पिळामुळे. काथ्याचा दोर पिळत राहिल्यास तो स्वतःभोवतीच वेटोळी घेऊन आखूड होतो. जिवाणूच्या डीएनएला असा पीळ ‘जायरेज’ हे विकर देते. ते डीएनएचे दोन्ही धागे कापते, त्या फटीतून सूत्राचा दुसरा भाग पलीकडे नेते आणि काप पुन्हा सांधते. एचयू, फिस, एच-एनएस यांसारखी प्रथिने मग सूत्राला वाकवतात, त्याचे भाग एकमेकांशी बांधतात. या गाठोड्याला ‘न्यूक्लिऑइड’ म्हणतात.

परंतु गाठोडे नुसते बांधून भागत नाही. त्यातील जनुके सतत वाचली जातात. डीएनएवरून आरएनएची नक्कल निघते आणि मध्ये केंद्रकाची भिंत नसल्यामुळे ती पूर्ण होण्यापूर्वीच रायबोसोम तिच्यावर चढून प्रथिन घडवू लागतात. या घाईमागील एक कारण हैदराबादच्या ‘सेंटर फॉर डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नोस्टिक्स’ या संस्थेतून जे. गौरीशंकर आणि आर. हरिनारायणन यांनी २००४ मध्ये मांडले. उघडा राहिलेला आरएनए मागे वळून डीएनएलाच चिकटू शकतो. अशा ‘आर-लूप’मुळे डीएनएची दुहेरी वीण उसवते आणि गुणसूत्राची प्रत काढण्यात अडथळे येतात. रायबोसोमांचे आच्छादन हा धोका टाळते; ते नसेल तेथे ‘ऱ्हो’ हे प्रथिन नक्कल काढणेच थांबवते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या व्यवस्थेचा आपल्या आरोग्याशी थेट संबंध आहे. सिप्रोफ्लोक्सासिन हे परिचित प्रतिजैविक जायरेजवरच आघात करते. विकराने डीएनए कापल्यावर औषध त्याला तेथेच जखडते. काप सांधला जात नाही आणि जिवाणू मरतो. मात्र जायरेजच्या जनुकात एखादा लहानसा बदल झाला, तरी औषधाची पकड सैल होऊ शकते. औषधाच्या माऱ्यात असेच बदललेले जिवाणू तगतात आणि वाढतात. सर्दीच्या विषाणूकडे तर जायरेज नसतेच. म्हणून सर्दीसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेतलेली अशी गोळी सर्दी बरी करत नाही. शरीरातील जिवाणूंना मात्र ती प्रतिकाराचा मार्ग मोकळा करून देते.